अंत्याच्या घरातलं पूज्य

श्रावण सरत आला की काशीराम गोताड कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावतो आणि वाडी उघडायला निघतो. उघडायला म्हणजे खरोखरच उघडायला. मालगुंडहून वरचा कातळ चढून गेलं की ही वाडी लागते. मधोमध सहाण, म्हणजे शिमग्यात पालखी बसते तो चिऱ्यांचा चौथरा, आणि तिच्याभोवती गोल सोळा घरं. त्यांतल्या पंधरांना वर्षभर कुलूप. माणसं कोण नालासोपाऱ्याला, कोण दिव्याला, कोण कळव्याला. सोळावं घर काशीरामचं. तेवढ्याच एका चुलीचा धूर कौलांतून वर जातो.

गणपतीला सगळे येतात. त्याआधी जाळी काढायची, वाळवी बघायची, घुशींनी उकरलेली भुई चोपायची, अंथरुणांना ऊन दाखवायचं, कुलपात खोबरेल सोडायचं. हे कुणी काशीरामला नेमून दिलेलं नाही. जो शेवटी उरला त्याच्याकडे किल्ल्या आल्या, इतकंच.

घरं तो नावांनी मोजत नाही. रस्त्याकडच्या पहिल्या घराशी उभा राहतो आणि शाळेतल्या पोरासारखा म्हणत जातो: एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी. कोटीशी पोचला की त्याची चाल मंदावते. ते रामजीचं घर. पुढे दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी. आणि शेवटचं, फेरा पुरा होऊन पुन्हा पहिल्याला टेकलेलं, अंत्य. ते त्याचं स्वतःचं.

ही नावं मोहिते गुरुजींनी पाडलेली. त्याला आता चाळीसेक वर्षं होऊन गेली. गुरुजी घाटावरचे, बदली होऊन खालच्या शाळेत आलेले. एकटा जीव. शाळा सुटली की सहाणेवर येऊन बसायचे आणि पोरांची जाखडी बघायचे. कोकणातल्या पोराला चालता येण्याआधी जाखडी येते म्हणतात. गौरी-गणपतीत मधे मृदुंग आणि झांज, गाणारा शाहीर, आणि भोवती पायात चाळ बांधून फेर धरणारे गडी. वाडीच्या फेराला घरटी एक गडी असायचा. सोळा घरं, सोळा गडी.

एकदा गुरुजी म्हणाले, "आरं, तुमच्या ह्या नाचात पयला कोन आन् शेवटचा कोन?"

"कोनच नाय गुरुजी," रामजी म्हणाला. "गोल हाय ना."

"तसाच एक आकडा हाय बघा माझ्याकडं," गुरुजी म्हणाले, आणि खडूने सहाणेच्या चिऱ्यावरच लिहिलं: ०५८८२३५२९४११७६४७.

पोरांना वाटलं, मास्तरला ऊन लागलं. पण त्या वर्षी गुरुजींनी सोळा बनियनांच्या पाठीवर लाल रंगाने एकेक अंक काढला आणि घराच्या क्रमाने वाटला. एकंच्या घराला सात, दहंच्या घराला चार, असं करत रामजीच्या कोटीच्या घरी नऊ आला. शेवटी अंत्याच्या घरी, काशीरामच्या पाठीवर, पूज्य.

वाडी हसून लोळली. "काशा, तुज्या पाटीवर गुरुजीने आंबोळी घातलान की रे!" तव्यावरच्या त्या गोल जाळीदार पोळ्याचं नाव त्याला तेव्हा चिकटलं ते चिकटलंच. काशीरामला ते लागलं. बनियन उलटा करून घालायला निघाला होता. रामजी त्यात भर घालायला होताच.

"तू पूज्य नि मी नऊ. दोगांची बेरीज किती?"

"नऊ."

"म्हंजे माजीच. तुजा काय तो फकस्त नाच."

गुरुजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "तसं न्हाई गड्या. समोरासमोर उभं ऱ्हावा आन् बेरजा करा." आणि खरंच. फेरात जो ज्याच्या बरोबर समोर, त्या दोघांची बेरीज नऊ. पाचासमोर चार, आठासमोर एक, दोनासमोर सात, तिनासमोर सहा. सगळ्या आठ जोड्या नऊच्या. रामजीच्या नवासमोर काशीरामचं पूज्य नसतं, तर नऊ झाले असते का?

खेळ असा रंगायचा. फेर चालू. बाजूला शाळेचा फळा. बघ्यांतलं कुणी तरी ओरडायचं, "दोन!" गुरुजी त्या लांबलचक आकड्याला दोनाने गुणायला घ्यायचे. गुणाकार पुरा झाला की मृदुंगावर थाप, आणि फेर एका जागी तुटून गडी लोकांकडे पाठ करून रांगेत उभे. पाठींवर तोच आकडा, जो फळ्यावर: ११७६४७०५८८२३५२९४. कुणी तीन म्हणा, पाच म्हणा, तेरा म्हणा. उत्तरात तेच सोळा गडी, त्याच क्रमाने. फक्त फेर तुटायची जागा बदलायची. सोळाने गुणलं की रामजी रांगेच्या तोंडाशी. एकाने गुणलं तर काशीराम. कुठल्या हाकेला आपण पुढे व्हायचं हे ज्याचं त्याला पाठ होतं. काशीरामच्या वाट्याला एक, आणि एकाने गुण म्हणून कोण सांगतो? सांगितलंच कुणी, तर मागून आवाज यायचा, "पुढच्या पूज्याला काय किंमत, हटवा त्येला."

"हटवून बघा," गुरुजी म्हणायचे. "मग दोनाला गडी कुठनं आणाल?"

आणि सगळ्यात शेवटी कुणी तरी "सतरा!" म्हणायचं. त्या हाकेची वाट सगळेच बघत असायचे. बनियनांच्या छातीवर गुरुजींनी सगळ्यांनाच एक अंक काढला होता, नऊ. सतरा म्हटलं की सोळाच्या सोळा गडी गर्रकन वळायचे आणि लोकांसमोर नुसते नऊच नऊ. लोक टाळ्या पिटायचे. चाळ थांबायचे. गुरुजी खडू खाली ठेवून म्हणायचे, "सतराला नाच संपला. समदे सारखे झाले, आता कोन कुठला कळंना."

गुरुजींची बदली झाली. मग एकेक गडी मुंबईला गेला. कुणी गोदीत, कुणी वॉचमन, कुणी कापडाच्या दुकानात. रामजी गेला तेव्हा काशीराम त्याला एसटीपर्यंत सोडायला गेला होता. तो स्वतः का गेला नाही याला मोठं कारण नव्हतं. आधी बाप आजारी, मग आंब्याच्या बागेची राखण मिळाली, मग कमळा आली. कमळाला मुंबईची हवा नको होती. तीही जाऊन आता सहा पावसाळे झाले.

रामजीचा फोन दर रविवारी यायचा. "काय आंबोळी, घरं हायत ना जाग्यावर?"

"हायत. तुजं जरा सरकलंय."

"सरकू दे. पैसं झालं की सरळ करीन."

दोघांचं बोलणं यापलीकडे फारसं जात नसे. फेरात तरी कुठे जात होतं? जाखडीत पाय बघायचे नसतात, शेजाऱ्याला धरायचं नसतं. चाल वाढली की समोरच्याचे डोळे धरायचे, तो जसा झुकेल तसं झुकायचं. सगळा नाच समोरासमोर, आणि अंतर कधी कमी होत नाही.

यंदा चैत्रात रामजी वारला. फोन त्याच्या नातीचा, सानिकाचा होता. ती ठाण्याला इस्पितळात नर्स आहे. काशीराम गाडीला बसेपर्यंत तिकडे सगळं आटोपलेलं असणार होतं, म्हणून तो गेलाच नाही. आपल्या ओटीवर बसून समोरच्या दाराकडे बघत राहिला. मग उठून रामजीचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, झाडलं. रविवार आला की त्याचा हात अजून फोनकडे जातो.

काशीरामचा मुलगा विनोद लोट्याला केमिकल कंपनीत पाळीवर आहे, खेडला दोन खोल्या घेतल्यात. रामजीच्या बातमीनंतर तो धरूनच बसला. "बाबा, दुसऱ्यांच्या अंथरुणांना किती वर्षं ऊन दाखवणार? रात्रीअपरात्री तुम्हाला काही झालं तर हाकेला माणूस नाही. चला माझ्याकडे."

"गणपती होऊ दे," काशीराम म्हणाला. "मग सांगतो."

विनोदला ते टाळणं वाटलं. टाळणं नव्हतं. गेल्या गणपतीत शतंच्या घरातल्या रितेशने त्या जुन्या आकड्याची गोष्ट काशीरामकडून ऐकली होती. पोरगा कम्प्युटरवर काम करणारा; डोळे चमकले होते त्याचे. म्हणाला होता, पुढल्या वर्षी आपण हा फेर परत उभा करू. काशीराम वर्षभर ते मनात धरून होता. राहायचं की जायचं हे तो त्या फेरावर ठरवणार होता. कुणाला बोलला नव्हता, एवढंच.

लोक आले. कुलपं उघडलेलीच होती. घराघरात दिवे लागले, चुलींवर मोदकांची भांडी चढली, आणि वाडी चार दिवसांसाठी वाडी झाली. तिसऱ्या दिवशी रितेशच्या अंगणात दोरीवर नारिंगी टी-शर्ट वाळत टाकलेले काशीरामला दिसले. पाठीवर ठसठशीत अंक. तो जवळ गेला आणि एकेक वाचत दोरीच्या टोकापर्यंत पोचला.

रितेश खुशीत बाहेर आला. "कसे झालेत काका? फोनवर आकडा घालून गुणाकार करून बघितला मी. काय जबरदस्त आकडा आहे! तुमच्यामुळे झालं हे सगळं."

"पंधरा दिसतायत."

"हो, पंधराच आकडी आहे ना तो. पुढचं शून्य फोन दाखवतच नाही." मग जरा हळू, प्रेमानेच, "आणि काका, तुमचे गुडघे. पोरं जोरात नाचणार. तुम्ही आमचे मानकरी, खुर्ची सहाणेला लावून ठेवतो."

"बरोबर हाय," काशीराम म्हणाला.

आणि त्याला खरंच ते बरोबर वाटलं. पुढच्या पूज्याला कोण लिहितो? पोराची चूक नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी वाडी जे हसून म्हणाली तेच हा मायेने म्हणत होता. घरी येऊन त्याने फळीवरची पिशवी काढली. दोन धोतरं, लेंगा, औषधं, कमळाचा फोटो. विनोद मागच्या दारी हात धूत होता. त्याने पिशवी बघितली.

"येताय ना?"

"येतो."

गौरीपूजनाच्या दुपारी फेर लागला. काही घरांतून नाचणारं कुणी आलंच नव्हतं, तिथे दुसऱ्या घरची जादा पोरं उभी केली होती. अंत्याच्या घरचा विनोद खर्वाचा तीन घालून उभा होता. कोटीच्या घरची सानिका, पाठीवर नऊ. आता मुलीही नाचतात. खुर्चीत काशीराम, शेजारी लक्षच्या घरची गोदूबाई, वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून आलेली.

मृदुंग घुमला. संथ चालीला फेर बरा चालला. शाहिराने गण म्हटला, पोरं झुकली, उठली. मग चाल वाढली आणि फेर हिसकला. एक जण डावीकडे कलला, दुसरा उजवीकडे. झांजवाल्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा तिथेच. एकाची टाच दुसऱ्याच्या बोटावर आली. पोरं हसायला लागली, मग हसणंही थांबलं.

"ताल धरा रे," रितेश ओरडला.

सानिका मात्र थांबलीच. "माझ्यासमोर कोण आहे?"

"म्हणजे?"

"आजोबांनी मला शिकवलंय, समोरच्याचे डोळे धरायचे. मी बघते तर समोर दोघांच्या मधली फट."

"माझ्यापण समोर फटच आहे," विनोद म्हणाला.

"माझ्यापण." "माझ्यापण."

सगळे आपापल्या समोर बघायला लागले. पंधरांच्या गोलात कुणालाच बरोबर समोरचा नव्हता. सोळांतला एक काढला, तर एका नवाचा जोडीदार जाईल असं वाटावं. प्रत्यक्षात सगळ्यांचेच गेले होते.

गोदूबाई खुर्चीतून म्हणाली, "अरे मेल्यांनो, अंत्याचं घर कुठाय? काशाला खुर्चीत बशीवलाव नि फेर धरताव होय?"

रितेशने बोटांनी गोल मोजला. मग कपाळावर हात मारून घेतला. "चुकलं. फोनवर गेलो मी."

सानिका खुर्चीशी आली. रामजीसारखीच भुवई वर करून बघायची तिला सवय. "उठा काशाआजोबा."

"तुमचा आकडा पंधराचा हाय गो बाय. मना शर्ट नाय."

"आजोबा सांगायचे, समोर काशा नसला तर आपण फेरात पाय ठेवत नाही. मग मी कशी ठेवू?"

त्याने सदरा काढला. आत पांढरा बनियन होता. सानिकाने गौरीच्या ताटातलं कुंकू पाण्यात कालवलं आणि बोटाने त्याच्या पाठीवर गोल काढला. हात गार होता. कुणीसं चाळ आणून त्याच्या पायात बांधले.

"आंबोळी बरी झालीय," गोदूबाई म्हणाली. "कड जरा जळलीय."

तो आपल्या जागी उभा राहिला, जलधीच्या पाच आणि एकंच्या सात यांच्या मधे. जागा पायांना माहीत होती. गुडघा पहिल्याच झुकण्याला बोलला. पण चाल वाढली आणि त्याने समोर बघितलं, सहाणेच्या पलीकडे, नवाच्या जागी. तेच डोळे होते. वय सोडलं तर तेच. ती झुकली तसा तो झुकला. आणि फेर बसला. सगळ्यांचाच बसला, कुलपात किल्ली फिरावी तसा.

कुणीतरी "पाच!" म्हणालं. फोनच्या आकडेमोडीत शेवटचे अंक बसेनात म्हणून रितेशने पाचाचा गुणाकार कागदावर केला. थाप पडली. फेर दोनाशी तुटला, रांग लागली. काशीरामने हळूच शेजाऱ्यांना धरून आपली जागा घेतली. रितेश मोठ्याने वाचू लागला, "दोन नऊ चार एक एक सात सहा चार सात," आणि थांबला. "शून्य. घ्या काका, आलात." लोक हसले. काशीरामही हसला. रांगेच्या मधोमध, सात आणि पाच यांच्या मधे, तो उभा होता.

मग गोदूबाईने बारीक आवाजात हाक दिली, "सतरा!"

काशीराम वळला. इतक्या वर्षांची सवय, गर्रकन वळून छाती पुढे करून उभा राहिला. बाकी पंधरा तसेच पाठमोरे. त्यांच्या टी-शर्टांच्या छातीवर काहीच नव्हतं आणि त्याच्याही बनियनवर काही नव्हतं. लोकांसमोर तोंड करून तो एकटा उभा होता. जुनी दोन-चार माणसं सोडली तर कुणाला कळलंही नाही की म्हातारा का वळला. विनोदने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं: सतराला सगळे नऊ होतात. सारखे. तिथे नाच संपतो.

गौरी-गणपती गेले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाड्या भरायला लागल्या. तांदूळ, कुळीथ, भोपळे, कोकमं. एकेक जण ओटीवर येऊन किल्ली देऊन जात होता. "काका, पन्हाळीचं बघा जरा." "काका, मागचं दार घट्ट लागत नाही." कुणालाच ठाऊक नव्हतं की काकाही चाललाय. त्याने सांगितलं नाही. जाता जाता किल्ल्या खाली शाळेत ठेवायच्या, असं त्याने मनाशी धरलं होतं.

सानिका शेवटी आली. किल्ली त्याच्या हातात ठेवून जरा घुटमळली. "शिमग्याला रजा मिळते का बघते." मिळणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

धूळ बसली. विनोदने पिशवी मोटारसायकलला बांधली. काशीरामने चूल विझवली, पाण्याचा हंडा पालथा घातला, आपल्या दाराला कुलूप लावलं. त्या दाराला कुलूप लागल्याचं त्याने स्वतःच कधी बघितलं नव्हतं; नवं आणावं लागलं होतं. मग सवयीने सहाणेवर चढला आणि मोजायला लागला. एकं, कुलूप. दहं, कुलूप. शतं, सहस्र. तो गोल फिरत गेला. कोटीशी थांबला, पुढे गेला. अंत्याशी आला. कुलूप.

सोळाही दारं सारखी दिसत होती. नवा माणूस आला असता तर कोण कुठला त्याला कळलं नसतं.

"बाबा, चला. ऊन वाढतंय."

काशीराम सहाणेवरून उतरला. "पिशवी उतरव."

"का? काय राहिलं?"

"सतरा झाला."

विनोद म्हणाला, "बाबा, तो खेळ आहे."

"खेळच हाय."

विनोदने खूप सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, आईची शपथही घालून झाली. काशीराम ऐकत होता, मान हलवत होता, आणि किल्ली कुलपात फिरवत होता. शेवटी विनोदने पिशवी सोडून ओटीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती, त्याला जावंच लागलं. उतारावर गाडीचा आवाज ऐकू येत होता, मग तोही थांबला.

रविवारी फोन वाजला नाही. वाजेल असं कुणी म्हटलंही नव्हतं. पाऊस उघडला होता, म्हणून काशीरामने रामजीचं घर उघडलं, खिडक्या लावून ठेवल्या होत्या त्या मोकळ्या केल्या आणि त्याच्या ओटीवर जरा टेकला. इतक्या वर्षांत इथे बसून समोर बघायची वेळ आली नव्हती; तो नेहमी पलीकडे असायचा. सहाणेच्या पार त्याचं घर दिसत होतं, दार सताड उघडं. दोरीवर बनियन वाळत होता. दोनदा धुतला होता, तरी पाठीवरचं कुंकू पुरतं गेलं नव्हतं. वाऱ्याने बनियन एकदा तिकडे वळला, एकदा इकडे.

"हायत जाग्यावर," काशीराम म्हणाला, आणि अंथरुणं उन्हात टाकायला उठला.